डोक्यातला जोहार

(वसतिगृहातल्या युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून, थोडी काटछाट करून इथं देत आहोत.)

दोस्तहो,

विषय दिलाय 'आत्मविश्वास'. खरं सांगू? या शब्दाची मला शिसारी आहे. एस.टी. स्टँडवर पुस्तकांचा गाडा असतो ना, त्यावर टाय लावलेला एक हसरा माणूस असतो. तो सांगतो, रोज सकाळी आरशासमोर उभं राहा आणि म्हणा, मी सिंह आहे. सकाळी सिंह होऊन निघायचं. अकराच्या तासाला कुणी नुसतं आडनाव विचारलं की सिंहाची शेळी. असला आत्मविश्वास मला विकायचा नाही.

दुसरीकडं आपलेच काही दोस्त म्हणतात, मनाबिनाचे हे चोचले पांढरपेशांचे. व्यवस्था बदला, मन आपोआप बदलेल. मीही हेच म्हणायचो, छाती ठोकून. मोर्चात माझा आवाज चौकापलीकडं जायचा. आणि वर्गात हजेरीला साधं 'येस सर' म्हणताना घसा कोरडा पडायचा. एकाच माणसाच्या अंगात ही दोन माणसं कशी? त्याचा शोध घेताना जे हाती लागलं, तेवढंच आज सांगणार आहे.

मी सिव्हिल डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होतो. तोंडी परीक्षा. परीक्षकानं सरळ मराठीत विचारलं, "काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं तर काय होतं?" अरे, बाप माझा बिगारी. सुट्टीत त्याच्याबरोबर मी माल कालवलाय, घमेली उचललीत. माल पातळ झाला की स्लॅबची ताकद जाते, हे मला पुस्तकाआधी हातानं ठाऊक. उत्तर जिभेवर होतं. पण त्यात एक शब्द होता. पाणी. पहिल्या वर्षी भर वर्गात मी 'पानी' म्हणालो होतो आणि हशा पिकला होता. तो हशा माझ्या कानात वर्षभर बसून होता. मी परीक्षकाकडं पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणालो, "येत नाही सर."

येत होतं. येत असताना 'येत नाही' म्हणालो. एका 'ण'साठी.

दोस्तहो, हा जोहार होता.

आमच्या पणज्याच्या काळी वरच्या आळीचा माणूस समोरून आला की बाजूला व्हायचं, वाकायचं, जोहार घालायचा. विचार करून कुणी जोहार घालत नव्हतं. माणूस दिसला की जोहार बाहेर, शिंक यावी तसा. पुढं लढे झाले, १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं. जोहार जिभेवरून गेला. पण जाऊन बसला कुठं? डोक्यात. आता तो 'जोहार' असा बोलत नाही. तो म्हणतो, "आपल्याला जमणार नाही." तो म्हणतो, "गप बस, उघडा पडशील." आणि आपल्याला वाटतं, हा आपलाच आवाज.

मला झोप लागेना, जेवण जाईना, तेव्हा एका मित्रानं हाताला धरून सरकारी दवाखान्यात मनाच्या ओपीडीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी शंभर पानी वही आणायला सांगितली. मी म्हटलं, गोळी द्या. त्या म्हणाल्या, "लागली तर देईन. आधी वही." त्या वहीच्या शास्त्राचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, थोडक्यात सीबीटी. विचार आणि वागणं, दोन्हीला एकदम हात घालणारी उपचारपद्धत.

ही आली कुठून? अमेरिकेत दोन माणसं होती. एक अल्बर्ट एलिस. त्यानं न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमाराला सांगायला सुरुवात केली, की घटना आणि भावना यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. आपण घटनेचा लावलेला अर्थ. दुसरा ॲरन बेक, फिलाडेल्फियाचा मनोविकारतज्ज्ञ. १९६० च्या दशकात उदास रोग्यांशी बोलताना त्याला आढळलं, की माणूस जे बोलतो त्याच्या आड आणखी एक धार वाहत असते. झटकन येणारे, न तपासलेले, स्वतःलाच हाणणारे विचार. त्यांना त्यानं नाव दिलं 'आपोआप येणारे विचार'. मी हे नाव ऐकलं आणि पणजा आठवला. आपोआप येणारा विचार म्हणजे डोक्यातला जोहार.

या दोघांनी आपलं देणं मान्य केलंय ते जुन्या स्टोइक तत्त्वज्ञांचं. त्यांच्यातला एपिक्टेटस हा जन्मानं गुलाम. रोमन साम्राज्यातला, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढं त्याचं तिच्याबद्दलचं मत छळतं, अशी त्याची शिकवण. पण इथं सावध राहा! गुलाम मनातून शांत झाला तर मालकालाही ते सोयीचंच. म्हणून हे हत्यार आपण घ्यायचं, पण धार कुठल्या बाजूला ते बघून घ्यायचं. त्यावर मी शेवटी येतो.

आता वही. पान उभं आखा. पहिल्या रकान्यात घटना: काय झालं, कॅमेऱ्यानं टिपावं तेवढंच. दुसऱ्यात त्या क्षणी डोक्यात आलेला विचार, आणि तो शंभरपैकी किती खरा वाटला. तिसऱ्यात भावना, तीही शंभरात मोजून. चौथ्यात त्या विचाराच्या बाजूचा पुरावा. पाचव्यात विरुद्ध पुरावा. सहाव्यात दोन्ही पुरावे बघून काढलेला निकाल. सातव्यात भावना पुन्हा मोजायची. कोर्टच आहे हे. फरक एवढाच, की आजवर या कोर्टात फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि आरोपीला वकीलच नव्हता.

माझं पहिलं पान असं होतं. विचार: "मी बोललो की अख्खा वर्ग हसणार. मी अडाणी आहे." खरा वाटला नव्वद. भीती पंच्याऐंशी, लाज नव्वद. बाजूचा पुरावा: गेल्या वर्षी हसले होते. बाई म्हणाल्या, "किती हसले?" मी म्हटलं, सगळे. "सगळे म्हणजे किती? डोळे मिटून आठवा, बाकावार." आठवलं. साठ पोरांच्या वर्गात मागच्या दोन बाकांवरचे चार-पाच जण, आणि त्यांचं बघून हसलेले आणखी काही. त्याच संध्याकाळी दोन पोरं माझ्याकडं सर्व्हेइंगची वही मागायला आली होती. तेही आठवलं. आणि उत्तर तर मला येतच होतं. मग निकाल काय लिहिला? 'सगळे टाळ्या वाजवतील' असं नाही हां. तो पुन्हा आरशातला सिंह झाला. लिहिलं: "मी बोललो तर काहीजण हसतील. उत्तर तरीही बरोबरच राहील." भीती पंच्याऐंशीची पन्नासवर आली. शून्यावर नाही आली. पन्नासवर माणूस उभा राहू शकतो, एवढं पुरे.

वही पंधरा दिवस लिहिली की डोक्यातल्या जोहाराच्या खोड्या कळायला लागतात. त्या ठरलेल्या आहेत. एक, मनकवडेपणा: "सर माझ्याकडं बघून मनात काय म्हणाले ते मला कळलं." कसं कळलं रे? दोन, कुडमुड्या जोशी: "इंटरव्ह्यूत माझं होणारच नाही," असं आधीच भविष्य सांगून मोकळं. तीन, शिक्का: एक गणित चुकलं की "मी ढ". गणित चुकलं म्हण ना! चार, चांगलं ते खोडणं. आपली एक मैत्रीण मेरिटनं पास झाली, मुलाखतीतही निवडली गेली. तिला विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "कोट्यातनं झालं असेल." अगं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलीस ती तू ना? परीक्षेच्या हॉलमध्ये कोटा बसला होता का पेपर लिहायला? आणि आरक्षण हा हक्क आहे. हक्कानं मिळालेल्या दारातून आत गेल्यावर चालले ते पाय आपलेच.

आता दुसरा भाग, वागण्याचा. नुसत्या लिहिण्यानं भागत नाही. ऑक्सफर्डची मेलनी फेनेल हिनं १९९७ साली स्वतःला कमी लेखण्याचा एक नकाशा मांडला. मुळाशी एक निकाल बसलेला असतो: "मी कमी आहे." तो दिसू नये म्हणून माणूस नियम करतो: "तोंड उघडलं नाही तर उघडा पडणार नाही." मग नियम पाळायला डावपेच: शेवटच्या बाकावर बसायचं, प्रश्न विचारायचा नाही, उत्तर घोकून घोकून येत असलं तरी हात वर करायचा नाही. डावपेच यशस्वी होतात, कुणी हसत नाही. पण मुळातला निकाल खोटा ठरायची संधीही मिळत नाही. गप्प बसल्यामुळं वाचलो, असं मन धरून बसतं. कवच म्हणून घातलेली वस्तू, तीच बेडी.

बेडी तोडायची रीत म्हणजे प्रयोग. आधी भाकीत लिहायचं, मग ती गोष्ट करायची, मग काय घडलं ते मोजायचं. आणि शिडी करायची. एकदम वरच्या पायरीवर उडी नाही. माझी पहिली पायरी: लायब्ररीत खिडकीवर मोठ्यानं पुस्तक मागायचं. दुसरी: तासाला एक प्रश्न विचारायचा, 'ण' नसलेला. तिसरी: 'ण' असलेला. चौथी: मुद्दाम 'पानी' म्हणायचं.

मुद्दाम! हे एलिसचं. लाजेवर चाल करून जाण्याचे व्यायाम तो लोकांना द्यायचा. त्याच्या स्वतःच्या तरुणपणाची गोष्ट तो सांगायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची भयंकर भीती. म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचं त्यानं ठरवलं. एकशेतीस जणी. तीस उठून गेल्या. शंभरजणींशी बोलला. भेटायला येते म्हणाली एक, आणि तीही आली नाही. शंभर टक्के नापास! पण कुणी पोलीस बोलावला नाही, आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. (पोरांनो, हा प्रयोग उचलू नका. अनोळखी बाईला तिच्या बाकावर निवांत बसू द्या. आपली भीती घालवायला दुसऱ्याला त्रास नाही द्यायचा.) त्यातलं सूत्र घ्या: आत्मविश्वास आधी आणि कृती मग, असा क्रम नाही. पाय आधी टाकायचा. मन मागून येतं, कुरकुरत का होईना, पण येतं.

मी 'पानी' म्हणालो. भाकीत लिहिलं होतं: साठजण हसतील, मी बाहेर पळेन. मोजले. तिघं हसले. सर म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, पुन्हा 'पानी'. सरांनी फळ्यावर उत्तर लिहिलं आणि तास पुढं गेला. पुढच्या वेळी एकच हसला. पुढं तोंडी परीक्षा पुन्हा दिली, पास झालो. पहिला नाही आलो, नुसता पास झालो. पण त्या दिवशी मान सरळ ठेवून झालो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परक्यांचं, अमेरिकेचं. आपल्याकडं बघा. २० मार्च १९२७. महाड. बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं रांगेनं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. शतकानुशतकांचं भाकीत होतं, आपण शिवलो की पाणी बाटतं, देव कोपतो. पाणी जसं होतं तसंच राहिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तिथल्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसायची जी पद्धत अंगावरून जात सांगते, ती सोडा म्हणाले. बायकांनी आधी पद्धत बदलली. मन बदलायची वाट बघत बसल्या नाहीत. या गोष्टी सीबीटीच्या जन्माआधीच्या. मी त्यांना सीबीटी म्हणत नाही, सत्याग्रह त्याहून फार मोठी गोष्ट. एवढंच म्हणतो, की भीतीला करून बघून मोडायची रीत आपल्याला परकी नाही.

पण महाडला पुढं काय झालं? पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. तळ्यात शेण-गोमूत्र ओतून सनातन्यांनी ते 'शुद्ध' केलं. केस दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल लागला. म्हणजे विचार खोटा ठरला, तरी लाठी खरी होती. इथं माझा मुद्दा आहे, नीट ऐका.

२००४ साली जागतिक बँकेनं कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा एक अभ्यास छापला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची पोरं. कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायची, जितक्या वाटा तितके पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित पोरं सवर्ण पोरांच्या बरोबरीनं होती. सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली, तेव्हा दलित पोरांची संख्या बरीच खाली आली. डोकं तेच, बोटं तीच. अभ्यासकांचं म्हणणं पडलं, की आपल्याला न्याय मिळेल हा भरवसाच पोरांना उरला नाही. आता सांगा, दोष पोरांच्या डोक्याचा, की जात वाचून दाखवणाऱ्या तोंडाचा?

म्हणून वहीत मी एक रकाना वाढवलाय. आठवा. पुरावा तपासल्यावर विचार खरा निघाला तर? सर खरंच आडनाव बघून मार्क कापत असतील तर? मग तो विचार नाही, ती बातमी आहे. तिथं मनाला समजावत बसायचं नाही. तिथं तारीख, वेळ, साक्षीदार लिहायचे, लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची, चारजण जमवायचे. गुन्हा असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. माझ्याच वर्गात एकदा एकानं माझं उत्तर संपायच्या आत मोठ्यानं जातीवरून शिवी दिली. त्या दिवशी विचार तपासायचं काम नव्हतं. आम्ही आठजण अर्ज घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहिलो. पण खरं सांगतो, वही नसती तर मी त्या दिवशी तिथं उभा राहिलो नसतो. खोलीवर जाऊन पडलो असतो, "माझंच चुकलं" म्हणत. आधी डोक्यातला जोहार गेला, म्हणून बाहेरच्या माणसाला तोंडावर विचारता आलं.

जो कुणी तुम्हाला सांगेल, "अपमान तुझ्या मनात आहे, विचार बदल", त्याला दार दाखवा. आणि जो सांगेल, "क्रांती होईपर्यंत रडत बस", त्यालाही दाखवा.

शेवटचा धडा पुन्हा एलिसचा, आणि मला तो सगळ्यात जवळचा. तो म्हणायचा, कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पेपर वाईट गेला, भाषण पडलं, रागावून चुकीचं बोललो: हे तपासा, सुधारा. पण अख्ख्या माणसाची एका आकड्यात किंमत करता येत नाही. 'मी श्रेष्ठ' म्हणून टिकवलेला आत्मविश्वास पुढच्या नापाशीत गळून पडतो. दोस्तहो, जन्मताच अख्ख्या माणसाला एकच मार्क देऊन टाकणं, यालाच तर जात म्हणतात. आपण तीच मार्कलिस्ट स्वतःच्या हातानं स्वतःसाठी भरायची? 'मी कमी' हेही नको, 'मी भारी' हेही नको. मी माणूस. आज हे जमलं, ते नाही जमलं. उद्या पुन्हा.

एक जपून सांगायचं राहिलं. काहीजणांचं दुखणं वहीच्या पलीकडं गेलेलं असतं. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मरून जावं असं वाटतं. तिथं एकट्यानं वही लिहीत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. आणि खोलीतला मित्र गप्प गप्प झाला असेल तर त्याला भाषण देऊ नका. त्याच्याबरोबर चालत जा. मला नेलं होतं तसं.

आज रात्री वही काढा. एकच पान. आज कुठं येत असताना 'येत नाही' म्हणालात, कुठं हात वर करायचा राहिला, ते लिहा. त्या क्षणी डोक्यात कोण काय बोललं, ते शब्दाला शब्द लिहा. आणि खाली विचारा: हा आवाज माझा, की कुणीतरी बसवून ठेवलेला? उद्या सकाळी शिडीची पहिली पायरी. पुढच्या रविवारी इथंच बसू, वह्या घेऊन. मी माझीही आणतो. अजून लिहितो मी. आज तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा भीती चाळीस होती.

आता पंचवीस आहे.

आणि जरा कुणीतरी पानी द्या मला.

जय भीम.